हिटलर एरंडोलला येतो

दिवाळीची सुटी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या जिन्यात एकच प्रश्न वरखाली करू लागतो : "यंदा कुठे?" गेल्या वर्षी तळमजल्यावरचे बँकेतले गृहस्थ सिंगापूरला निघाले होते, वरच्या मजल्यावरचे नवे जोडपे केरळात होडीत राहायला जाणार होते, आणि समोरच्या वकीलीणबाईंनी तर हिमालयात कुठेशी आठ दिवस मौन पाळण्यासाठी आगाऊ पैसे भरले होते. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितले, "एरंडोलला." त्यावर बँकेतल्या गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारले, "घरी सगळ्यांच्या प्रकृती ठीक आहेत ना?"

त्यांचा दोष नाही. एरंडोल हे हौसेने जाण्याचे गाव नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जळगाव जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव अंजनी नदीच्या काठी वसले आहे. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते लागते, त्यामुळे पुष्कळांनी ते एसटीच्या खिडकीतून पाहिलेले असते आणि फार थोड्यांनी उतरून. एके काळी इथला हातकागद नावाजलेला होता. पण आता कागदाचीच सद्दी संपत आली, तिथे हातकागदाला कोण विचारतो? माझे मात्र ते आजोळ आहे, आणि आजोळी जायला कारण लागत नाही.

शिवाय एरंडोलकरांच्या दृष्टीने त्यांचे गाव सिंगापूरहून कितीतरी जुने व मातब्बर आहे. महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजेच एरंडोल, असे इथला पोरगादेखील सांगतो. लाक्षागृहाच्या आगीतून निसटलेले पांडव ब्राह्मणांचा वेष घेऊन इथेच लपून राहिले, आणि बकासुराला भीमाने मारले तेही इथल्याच रानात. गावातल्या एका जुन्या दगडी वास्तूला पांडववाडा म्हणतात. तिथे मशीद आहे, आणि त्या जागेवरून वाद कोर्टात गेला आहे. त्यात मी शिरत नाही. एकचक्रेचा मान सांगणारी गावे देशात आणखीही आहेत, पण ही माहिती एरंडोलात बसून कुणाला देऊ नये. मी लहानपणी एकदा दिली होती आणि मामांनी माझे रात्रीचे दूध बंद केले होते.

तर सौभाग्यवती, सात वर्षांचे चिरंजीव आणि मी असे तिघे पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी जळगावला उतरून एसटीत बसलो. पाळधी मागे पडली तशी दोन्ही बाजूंना कापसाची शेते दिसू लागली. वेचणी चालू होती. कमरेला फडकी बांधलेल्या बायका पांढऱ्या बोंडांतून वाकून हळूहळू पुढे सरकत होत्या. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, एवढा बर्फ कसा पडला?" बर्फ हा शब्द त्या दोन दिवसांत पुढे आमच्या किती कानांवर टोचणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

मामांच्या घरी ओसरीवर बंगई आहे. बंगई म्हणजे कड्यांवर टांगलेला लाकडी झोपाळा. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. निवृत्त शिक्षक, आणि त्याहून अधिक म्हणजे निवृत्त नट. गणेशोत्सवात, शाळेच्या संमेलनात, तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी पन्नास वर्षे तोंडाला रंग लावला. आम्हाला पाहताच बंगई थांबवून ते नेहमीच्या थाटात म्हणाले, "यावे, प्रोफेसर!" मामी आतून पदराला हात पुसत आली आणि तिने विचारले, "बरं शे ना रे सगळं?" तिच्या बोलण्यात मराठी आणि अहिराणी अशी मिसळलेली असते, की कोणती कुठे संपते ते भाषेच्या अध्यापकालाही सांगता येऊ नये.

जेवण अर्थातच साग्रसंगीत झाले. कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. पण चौथ्या घासाला माझ्या लक्षात आले की हे घर नेहमीसारखे बोलत नाही. मामा एरवी भरताबरोबर एखादा अंक तरी करून दाखवायचे, ते मुकाट्याने जेवत होते. टीव्हीवर मामीने भरतकामाचा रुमाल झाकून ठेवला होता. वहिनी, म्हणजे माझ्या मामेभावाची पत्नी, वाढता वाढता मध्येच कमरेचा मोबाइल काढून पाहत होती आणि पुन्हा खोचत होती. फराळाच्या डब्यांत एक डबा वेगळा, दोरीने बांधून ठेवलेला होता.

दुपारी मामेभावाने मला अंगणात नेऊन सांगितले. त्याचा मोठा मुलगा दोन वर्षांपूर्वी लष्करात भरती झाला. सध्या तो उत्तरेला, बर्फातल्या कुठल्याशा उंच ठाण्यावर आहे. खाली आला की फोन करतो. या खेपेला अकरा दिवस झाले होते. "तिथे रेंज नसते, हे आम्हाला समजतं," तो म्हणाला, "पण टीव्हीवरचे लोक रात्री नऊला युद्ध सुरू करतात, साडेनऊला ते जिंकतात, आणि मग आईला रात्रभर झोप येत नाही. म्हणून तिने टीव्हीच झाकून टाकला."

आता अशा घरी कोणता विषय काढू नये, हे शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही. पण मी पडलो मास्तर. रात्रीची जेवणे झाल्यावर मामेभावाच्या अकरावीतल्या मुलीने माझ्या पिशवीत एक पेनड्राइव्ह पाहिला आणि विचारले, "काका, यात काय आहे?" मी बेसावधपणे सांगून टाकले, "सिनेमा. जुना आहे, १९४२ चा. हेरांचा. दुसऱ्या महायुद्धातला, पण विनोदी!"

सौ.ने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची खूण पुण्यापर्यंत टिकली. ओसरीवर बंगईच्या कड्या तेवढ्या कुरकुरत होत्या. वहिनी आत निघून गेली. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच मामी उठली, तिने टीव्हीवरचा रुमाल काढला, घडी केली आणि म्हणाली, "लाव. रोज रात्री मना डोक्यात जो सिनेमा चालतो, त्याच्यापेक्षा वाईट तर नसेल?"

हा चित्रपट मी विद्यार्थ्यांना दाखवतो, त्याचे कारण पुढे येईलच. नाव 'टु बी ऑर नॉट टु बी', दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. लुबिच १८९२ साली बर्लिनमध्ये जन्मला. तो ज्यू होता. तरुणपणी माक्स राइनहार्ट या थोर नाट्यनिर्मात्याच्या मंडळीत त्याने लहानमोठी कामे केली, पुढे चित्रपटात शिरला आणि १९२२ मध्ये अमेरिकेला गेला. नाझींनी सत्तेवर आल्यावर १९३५ मध्ये त्याचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. अशा माणसाने हिटलरवर चित्रपट काढायचे ठरवले तर तो किती संतापाने काढील, असे आपल्याला वाटते. त्याने काढला तो प्रहसनासारखा.

पात्रे इंग्रजी बोलत होती, तेव्हा दुभाषा मी. टीव्हीशेजारी पाट टाकून मी बसलो आणि कीर्तनकारासारखा पूर्वरंग सुरू केला. काळ १९३९ चा ऑगस्ट, स्थळ पोलंडची राजधानी वॉर्सा. भर रस्त्यात एका खाद्यपदार्थांच्या दुकानापुढे साक्षात हिटलर एकटाच उभा आहे! लोक थिजून पाहताहेत. युद्ध तर अजून सुरू झालेले नाही, मग हा इथे आला कसा? तर तो हिटलर नव्हेच. तो ब्रॉन्स्की नावाचा दुय्यम नट. नाझींची टर उडवणाऱ्या एका नाटकाच्या तालमीत दिग्दर्शकाने त्याला म्हटलेले असते की तू हिटलर वाटतच नाहीस. आपण वाटतो हे सिद्ध करण्यासाठी तो तसाच रस्त्यावर आलेला असतो. लोकांची छाती दडपलेली असताना एक लहान मुलगी पुढे होते आणि त्याला ब्रॉन्स्की म्हणून ओळखून सही मागते.

इथे आमचे चिरंजीव खदखदून हसले. त्या घरात त्या दिवसभरात ते पहिलेच हसू होते. ते एकटेच हसले, म्हणून ओशाळून आईकडे पाहू लागले. मामी म्हणाली, "हास ना रे बाबा. हासनं काय पाप शे का?"

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. नाटक मंडळीचा प्रमुख नट जोसेफ ट्युरा याची भूमिका जॅक बेनी या विनोदी नटाने केली आहे. ट्युरा स्वतःला पोलंडमधला सर्वश्रेष्ठ नट समजतो. त्याची बायको मारिया हीही नामांकित नटी, ती कॅरोल लोम्बार्डने केली आहे. नाझींवरचे नाटक, उगाच हिटलर रागावायला नको म्हणून, पोलंडचे सरकारच बंद करते आणि मंडळीला पुन्हा 'हॅम्लेट' लावावा लागतो. ट्युरा रंगमंचावर येतो, हॅम्लेटचे ते जगप्रसिद्ध स्वगत सुरू करतो, आणि पहिल्याच शब्दांना प्रेक्षकांतला एक तरुण वैमानिक उठून बाहेर चालू लागतो. कारण स्वगत लांब असते, आणि मारियाने त्याला नेमक्या त्याच वेळी भेटायला बोलावलेले असते! ट्युराचा चेहरा मात्र पाहण्यासारखा होतो. बायकोवर संशय त्याला येतच नाही. आपल्या स्वगतातून माणूस उठून गेला, हेच त्याला मरणाहून अवघड वाटते.

आतापर्यंत बंगईवर स्वस्थ असलेले मामा ताडकन उठून बसले. "प्रोफेसर, हे तर माझंच झालं!" मग चित्रपट थांबवून आम्ही मामांची हकिकत ऐकली. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, त्यानंतर काही वर्षांनी मामांनी गावच्या गणेशोत्सवात बेलवलकर उभे केले. स्वगताला सुरुवात झाली, मामांनी पहिला उसासा टाकला आणि सबंध पटांगण उठून चालू लागले. "मला वाटलं, माझं काही चुकलं. मग कळलं, शेतातली लाइट आली होती. सगळे मोटारी सुरू करायला पळाले. पुढे बसून राहिला एकटा तलाठी. त्याला शेत नव्हतं."

आता मात्र सगळेच हसले. वहिनीही हसली. ती केव्हा येऊन दाराला टेकली होती, ते मला कळलेच नव्हते.

चित्रपट पुढे सुरू झाला तो १ सप्टेंबर १९३९ च्या हल्ल्यापासून. वॉर्सावर बाँब पडतात, ते दुकान उद्ध्वस्त होते, दुकाने व नाट्यगृहे बंद पडतात. इथे लुबिच मुळीच विनोद करत नाही. बर्फात ढिगारे दिसतात आणि पडदा काही क्षण मुका होतो. मी भीतभीत मामीकडे पाहिले. ती पाहत होती. तिने मान वळवली नाही.

इंग्लंडला गेलेल्या पोलिश वैमानिकांमध्ये सिलेट्स्की नावाचा एक प्राध्यापक वावरत असतो. (इथे मामांनी माझ्याकडे अर्थपूर्ण कटाक्ष टाकला.) मी गुप्त कामगिरीवर वॉर्साला चाललो आहे, असे तो सांगतो आणि सगळे भाबडे तरुण आपापल्या घरचे पत्ते त्याच्या हवाली करतात. पण तो असतो जर्मनांचा हेर. तो उघडा कशाने पडतो, तर वॉर्साचा म्हणवून घेणाऱ्या या विद्वानाला मारिया ट्युरा हे नावच ठाऊक नसते! नाटकाला न जाणारा प्राध्यापक हा हेरच असला पाहिजे, हा सिद्धान्त मी माझ्या सहकाऱ्यांनाही ऐकवत असतो.

मग तो तरुण वैमानिक वॉर्साला उतरतो, आणि पत्त्यांची यादी खऱ्या गेस्टापोच्या हाती पडण्याआधी ती मिळवण्याचे काम या नाटकवाल्यांवर येऊन पडते. त्यांच्याजवळ ना बंदुका, ना पैसा. आहेत ते बंद पडलेल्या नाटकातले नाझी गणवेश, पडदे आणि खोट्या दाढ्या. ते नाट्यगृहातच गेस्टापोची खोटी कचेरी उभी करतात. ट्युरा आधी नाझी कर्नल होतो आणि हेराला फसवतो. मग हेराचा वेष घेऊन खऱ्या कर्नलला फसवायला जातो. तिथे त्याची गाठ पडते ती खऱ्या हेराच्या प्रेताशी. कर्नलने त्याला मुद्दाम त्या प्रेताबरोबर एका खोलीत बसवलेले असते. आता दाढीवाले दोन प्राध्यापक, एक जिवंत आणि एक मेलेला. खोटा कोण? ट्युरा वस्तरा घेतो, मेलेल्याची खरी दाढी भादरतो आणि खिशातली खोटी दाढी त्याला चिकटवतो. मग आत येऊन कर्नल प्रेताची दाढी ओढतो, ती हातात येते, आणि तो बिचारा ट्युराची क्षमा मागू लागतो!

हे भाषांतर करण्याची मला गरजच पडली नाही. मामी डोळ्यांना पदर लावून हसत होती. "अरे, मेलेल्याची हजामत!" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेवटी ब्रॉन्स्कीचा तो खोटा हिटलर मंडळीला घेऊन खऱ्या हिटलरच्या विमानातून निसटतो. इंग्लंडात ट्युरा पुन्हा हॅम्लेटच्या स्वगताला उभा राहतो. तो वैमानिक पहिल्या रांगांत बसलेलाच आहे. आणि स्वगत सुरू होताच तिसराच एक तरुण अधिकारी उठून चालू लागतो. चित्रपट संपला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. एरंडोलात एवढ्या रात्रीपर्यंत दिवा पाहून शेजारच्या आजी काळजीने विचारायला आल्या. त्यांना मामांनी गंभीरपणे सांगितले, "काही नाही, हिटलर येऊन गेला."

त्या रात्री ओसरीवर पडल्यापडल्या मामा म्हणाले, "पण त्या वेळी लोकांना हे चाललं?" नव्हते चालले. चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' १९४० मध्ये येऊन गेला होता, पण १९४२ च्या मार्चमध्ये 'टु बी ऑर नॉट टु बी' पडद्यावर आला तेव्हा युद्ध ऐन भरात होते आणि वॉर्सा नाझींच्या टाचेखाली होती. त्यातला नाझी कर्नल ट्युराच्या अभिनयावर शेरा मारतो, की याने शेक्सपिअरचे जे केले तेच आम्ही आता पोलंडचे करतो आहोत. हा विनोद अनेकांच्या जिव्हारी लागला. न्यूयॉर्कच्या टीकाकारांनी लुबिचला बेदरकार म्हटले. त्यातच एक दुःखद योग असा, की युद्धकर्जाच्या रोख्यांच्या प्रचारासाठी गेलेली कॅरोल लोम्बार्ड परतताना, १६ जानेवारी १९४२ रोजी, विमान अपघातात गेली. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच त्याची नायिका जगात नव्हती. हसायचे तरी कसे? खुद्द जॅक बेनीचे वडील मुलाला नाझी गणवेशात पाहून रागाने थिएटरातून उठून गेले, असे बेनी सांगत असे. मुलाने समजूत घालून पुन्हा नेले, तेव्हा कुठे त्यांनी तो पुरा पाहिला, आणि मग अनेकदा पाहिला. टीकेला लुबिचने लेखी उत्तर दिले. मी हसलो आहे ते नाझींना व त्यांच्या हास्यास्पद विचारांना, आणि कसल्याही संकटात नटच राहणाऱ्या नटांना, असा त्याचा मथितार्थ होता. मरणाऱ्यांना तो कुठेही हसलेला नाही, हे चित्रपट पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

"मग आपल्याकडे असा सिनेमा का झाला नाही?" मामांचा पुढचा प्रश्न. विनोदाची वाण होती म्हणावे, तर मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे या जोडीने 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) हे हसवून लोळवणारे बोलपट नुकतेच दिले होते. पण युद्ध आले आणि कच्च्या फिल्मची टंचाई झाली. सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे सुमारे दोन तासांवर आणली, आणि पुढे निर्मात्यांना युद्धप्रयत्नाला साहाय्य करणारे चित्रपट काढायला लावले. विनायकांचा 'बडी माँ' (१९४५) हा त्या काळातला. सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवरचा शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट हेही याच सक्तीतून निघालेले, पण सक्तीच्या पार पुढे गेलेले फळ. विनोदी हेरकथा मात्र निघाली नाही. कशी निघणार? हिटलर आपला शत्रू खरा, पण त्याच १९४२ च्या ऑगस्टात आपण ज्याला 'चले जाव' म्हटले तो राज्यकर्ता दारात उभा होता. हसायचे तर आधी त्याला हसायला हवे होते, आणि ते सेन्सॉरच्या कात्रीतून सुटले नसते.

आपल्याकडे हा प्रयोग आधीच होऊन गेला होता, आणि तोही भीमाला पुढे करून. म्हणून तर मी हा चित्रपट 'कीचकवध' शिकवताना दाखवतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. पांडव वेषांतर करून विराटाच्या घरी राबताहेत, भीम आचारी झाला आहे, आणि सैरंध्री झालेल्या द्रौपदीवर कीचक हात टाकतो आहे. प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले. पुढे सरकारच्याही ते ध्यानात आले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. 'हॅम्लेट'सुद्धा आपल्याकडे असाच आला आहे. गोपाळ गणेश आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्यांनी केलेले 'हॅम्लेट'चे मराठी रूप 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्साच्या त्या नटमंडळीला आपल्या नाटकवाल्यांत येऊन बसायला फारसे अवघड गेले नसते.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून पद्मालयाला गेलो. एरंडोलपासून हे ठिकाण दहाएक किलोमीटरांवर, डोंगरात आहे. मोठे तळे, त्यात कमळे, काठावर दगडी देऊळ, आणि देवळात एक सोडून दोन गणपती. एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. चिरंजीवांनी दोघांनाही स्वतंत्र नमस्कार केला आणि प्रसादही स्वतंत्रच मागितला. तिथून पुढे रानात भीमकुंड आहे. भीमाने बकासुराला इथेच लोळवले, असे सांगतात.

झाडाखाली बसून दशम्या सोडल्या. मामीने चिरंजीवांना बकासुराची गोष्ट सांगायला घेतली. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. राक्षस समोर ओरडतोय आणि भीम त्याच्याकडे पाठ करून आधी सगळा भात संपवतो. पाठीवर बुक्के बसताहेत, तरी त्याचा हात तोंडाकडे चालूच. चिरंजीव गडबडा लोळले. मग मामी माझ्याकडे वळून म्हणाली, "हा बी तुझ्या सिनेमासारखाच रे. पण ज्या घरची पाळी होती, त्या घरात रडारड चालली होती, ते कोणी सांगत नाही."

ते व्यासांनी सांगितले आहे. आदिपर्वातला तो प्रसंग मी तिला सांगितला. कुंती आणि तिची मुले ज्या ब्राह्मणाच्या घरी लपून राहिली होती, त्याच घरावर पाळी येते. बाप म्हणतो, मी जातो. आई म्हणते, मी. मुलगी म्हणते, मी. तिघेही रडत असतात. तेवढ्यात त्यांचा अगदी लहान मुलगा, ज्याला धड बोलताही येत नाही, गवताची एक काडी उचलतो आणि सगळ्यांसमोर नाचवत बोबड्या बोलांत म्हणतो, की या काडीने मी राक्षसाला मारतो. त्या एवढ्या दुःखातही ते ऐकून घरच्यांना आनंदाचे भरते येते. आणि व्यास म्हणतात, हीच वेळ आहे हे ओळखून कुंती पुढे झाली आणि तिने आपला मुलगा देऊ केला.

मामी बराच वेळ बोलली नाही. दशमीचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला होता. मग ती म्हणाली, "म्हणजे आधी हसू आलं. मग भीम आला."

मी वीस वर्षे हे पर्व वाचतो आहे, पण हा क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता. गवताच्या काडीने राक्षस मरत नाही, हे लुबिचला कळत नव्हते थोडेच? त्याने चित्रीकरण केले ते १९४१ च्या अखेरीस. हिटलर हरणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. आपण १९४५ च्या या तीरावरून पाहतो, म्हणून आपल्याला त्या चित्रपटाला हसणे सोपे जाते. त्याने काडी नाचवली ती राक्षस समोर असताना.

त्या कथेचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. भीम बकासुराचे प्रेत नगराच्या दाराशी आणून टाकतो आणि कुणाला न दिसता निघून जातो. सकाळी लोक ब्राह्मणाला विचारतात, हे कुणी केले? कुंतीने आधीच ताकीद दिलेली असते, की माझ्या मुलाचे नाव फोडू नका. तो बिचारा ब्राह्मण सांगतो, की मंत्र येणारा कुणी एक ब्राह्मण आला होता, त्याने हे केले. वेषांतर शेवटपर्यंत टिकते. लोक उत्सव करतात आणि पांडव भिक्षेची झोळी घेऊन त्याच गर्दीत उभे असतात.

परत पद्मालयाच्या पायऱ्यांवर आलो तेव्हा वहिनीच्या कमरेचा मोबाइल वाजला. ती इतकी दचकली की तो तळ्यातच पडायचा. तिकडून आवाज आला. तिने दोनतीनदा नुसते "हो, हो" केले आणि पुढे शब्द फुटेना, म्हणून फोन मामीच्या हातात दिला.

मामी ताठ बसली. तिने पदर सावरला, जणू समोरच कुणी आहे. आणि आजीचा असा काही ठणठणीत आवाज लागला की आम्ही पाहतच राहिलो. "काय रे! बरा शेस ना? आम्हाला काय होणार? आम्ही मजेत! काळजी? कसली काळजी रे, तुझी आठवण करायला सवड कुठे आहे? पाहुणे आलेत. काल रात्री घरी हिटलर आला होता... अरे हिटलर! त्याच्या माणसांनी एका मेलेल्याची हजामत केली... तू आला की दाखवते. चकलीचा डबा बांधून ठेवला शे. तठे थंडी फार नाही ना?... हॅलो? हॅलो?"

लाइन तुटली होती. सगळे मिळून मिनिटभराचेच बोलणे झाले असेल. मामीने फोन वहिनीला परत दिला आणि ती तळ्याकडे तोंड करून बसली. पाठमोरी होती, तरी तिचे खांदे हलत होते, ते सर्वांना दिसत होते. कमळांच्या पानांवर ऊन आले होते. कुणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी मात्र जवळ जाऊन विचारले, "आजी, तू हसतेस की रडतेस?"

मामा माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "प्रोफेसर, मी गावभर पन्नास वर्षं नाटकं केली. आणि घरात नट कोण होतं, ते आज कळलं."

मामीने ते ऐकले असावे. तिने डोळे पुसले, दशम्यांचे फडके झटकून घडी केले आणि उठताउठता म्हणाली, "चला आता. ऊन झालं. संध्याकाळला भरताची वांगी आणायची शेत."